मोर्स कोड कानाने शिका: नवशिक्यांसाठी पहिल्या अक्षरापासून पहिल्या संपर्कापर्यंत

मोर्स शिकायचा म्हटलं की बहुतेक जण आधी तक्ता शोधतात. ए ते झेड, प्रत्येकापुढे टिंबं आणि रेघा. तीन-चार संध्याकाळी घोकला की तो पाठही होतो. मग खरा संदेश ऐकायला बसलं की दुसऱ्या अक्षरालाच गाडी अडते. कानावर पडलेला आवाज आधी टिंबा-रेघांत बदलायचा, ते चित्र मनातल्या तक्त्यात शोधायचं, मग अक्षर लिहायचं, आणि तोवर पुढची तीन अक्षरं निघून गेलेली. मिनिटाला पाच-सात शब्दांपर्यंत हा द्राविडी प्राणायाम कसाबसा निभतो. त्याच्या पुढे निभत नाही, आणि तक्ता जितका पक्का पाठ तितकी ही सवय मोडणं कठीण.

म्हणून छापून ठेवलेला तक्ता सध्या खणात टाका. आपल्याला प्रत्येक अक्षराचा आवाज ओळखायचा आहे, माणसाच्या हाकेसारखा, फोड न करता.

हे तारयंत्राच्या पहिल्या पिढीलाही असंच अनुभवातून कळलं. २४ मे १८४४ रोजी सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश पाठवला, तेव्हा दुसऱ्या टोकाचं यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उठवत होतं आणि माणसाने त्या वाचायच्या, अशी योजना होती. पण यंत्राजवळ दिवसभर बसणाऱ्या तारमास्तरांना थोड्याच काळात पट्टीकडे बघायची गरज उरेना. यंत्राच्या खटखटीवरूनच ते मजकूर लिहून घेऊ लागले. काही कंपन्यांनी आधी याला मनाई केली, मग कानाने घेणंच जलद आणि बिनचूक आहे हे मान्य केलं, आणि कागदाची पट्टी जाऊन नुसता आवाज करणारं यंत्र आलं. तेव्हा कोणता कोड शिकायचा हा प्रश्नही निकालात काढू. मोर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यांच्या वेळचा कोड आज कोणी शिकत नाही. १८४८ मध्ये फ्रीडरिश गेर्के या जर्मन माणसाने तो सुधारला आणि त्यावर बेतलेलं रूप १८६५ च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय म्हणून स्वीकारलं गेलं. सगळीकडे शिकवला जातो तो हाच.

मात्रांचा हिशेब

टिंबाला ‘डिट’ म्हणायचं (अक्षराच्या मध्ये आलं तर ‘डि’) आणि रेघेला ‘डा’. ए म्हणजे डि-डा. एन म्हणजे डा-डिट. हे पुटपुटायचं, लिहायचं नाही.

वृत्तातले लघु-गुरू ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचं चटकन समजेल. टिंब एक मात्रेचं. रेघ मात्र दोन मात्रांची नाही, तीन मात्रांची. एकाच अक्षरातल्या दोन आवाजांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. शांततेलाही माप आहे, आणि नवशिक्यांचा मोर्स बिघडतो तो बहुतेक वेळा शांततेतच. ए मधल्या दोन आवाजांमध्ये जरा जास्त थांबलात की त्याचे ई आणि टी होतात.

वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द ठरलेला आहे. इंग्रजी स्पेलिंगने तो पाठवला, शेवटची शब्दामागची शांतता धरली, तर बरोबर ५० मात्रा भरतात. असे मिनिटाला २० शब्द गेले तर एक मात्रा ६० मिलिसेकंदांची होते, १२ शब्द गेले तर १०० मिलिसेकंदांची. म्हणजे १२०० ला वेगाने भागायचं. हे गणित पाठ करायला नको, पण सरावाच्या कार्यक्रमात आकडे भरताना त्यांचा अर्थ कळलेला बरा.

पहिली दोन अक्षरं

१९३० च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने जी पद्धत मांडली ती आजही सर्वांत भरवशाची आहे. सुरुवात फक्त दोन अक्षरांनी करायची, पण पूर्ण वेगात. बहुतेक कार्यक्रमांत ती दोन अक्षरं के आणि एम असतात: डा-डि-डा आणि डा-डा. यंत्र ही दोनच अक्षरं उलटसुलट वाजवत राहतं, तुम्ही लिहीत राहता. दहापैकी नऊ बरोबर येऊ लागली की तिसरं अक्षर घ्यायचं. पुन्हा नव्वद टक्के जमलं की चौथं. सव्वीस अक्षरं, दहा अंक आणि मोजकी चिन्हं, एवढाच पसारा आहे. पहिल्या दिवसाच्या शेवटी दोनच अक्षरं येतात, पण ती खऱ्या वेगात येतात.

पूर्ण वेग म्हणजे किती? अक्षराचा वेग १८ ते २० ठेवा. या वेगात टिंबं मोजताच येत नाहीत, आणि तेच हवं आहे. पाच-सहा शब्दांच्या संथ वेगाने सुरू करून हळूहळू वाढवू, हा विचार समंजस वाटतो, पण तो तुम्हाला मोजायला शिकवतो, आणि दहाच्या आसपास ती मोजणी कोसळते.

वीसचा वेग झेपत नसेल तर अक्षरं संथ करू नका, त्यांच्यामधली जागा वाढवा. याला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. अक्षर वीसच्या वेगाने वाजतं, पण दोन अक्षरांमध्ये विचार करायला उसंत मिळते, आणि एकंदर वेग सात-आठ शब्दांवर येतो. पुढे जमेल तशी ती उसंत कमी करत जायची.

एलसीडब्ल्यूओ या विनामूल्य संकेतस्थळावर हे सगळं तयार आहे. धडे कॉखच्या क्रमाने आहेत, अक्षराचा वेग आणि एकंदर वेग वेगवेगळे भरता येतात. आवाजाची पट्टी ५०० ते ७०० हर्ट्झमध्ये आपल्या कानाला बरी वाटेल ती ठेवा आणि अधूनमधून बदलत राहा, म्हणजे कान एकाच आवाजाला चिकटत नाही. बैठक पंधरा-वीस मिनिटांची पुरे. सकाळी एक, संध्याकाळी एक अशा दोन बैठका रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा कितीतरी जास्त देतात. थकलेला कान नवं काही घेत नाही, जुन्या चुका मात्र घट्ट करतो.

प्रत्येक अक्षराला एखादं वाक्य किंवा चित्र जोडून देणारे तक्ते मिळतात. ते घेऊ नका. आवाज आणि अक्षर यांच्यामध्ये तिसरी गोष्ट आली की पुन्हा तोच वळसा.

अँड्रॉइड फोनवरच्या जीबोर्ड कळफलकात २०१८ पासून मोर्सचीही सोय आहे. गंमत म्हणून वापरा, हाताला बरी. कानाला तिचा उपयोग नाही.

ऐकताना लिहायचं कसं

कागद-पेन्सिल घ्या, अक्षरं सुटी न लिहिता वळणदार लिहा, हात कमी उचलावा लागतो. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: अक्षर चुकलं तर तिथे छोटी रेघ मारून पुढे जा. सुटलेलं अक्षर आठवत बसलात की आणखी चार सुटतात. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त गुण याच हव्यासापायी जातात. सराव करताना बरोबर किती आलं यापेक्षा चुकल्यावर किती लवकर सावरलात याकडे लक्ष द्या.

ठरावीक जोड्या प्रत्येकाला छळतात. एस, एच आणि पाचचा आकडा हे तिन्ही नुसत्या टिंबांचे: तीन, चार, पाच. बी आणि सहा, व्ही आणि चार यांच्यातही एका टिंबाचाच फरक. डब्ल्यू आणि जे यांच्यात एका रेघेचा. यावर उपाय एकच, फक्त ती दोन-तीन अक्षरं घेऊन पाच मिनिटांचा वेगळा सराव करायचा. अंकांचं मात्र सोपं आहे. सगळे पाच आवाजांचे: एकला एक टिंब आणि चार रेघा, पाचला पाच टिंबं, तिथून उलट रेघा वाढत जाऊन शून्याला पाच रेघा.

गमतीची गोष्ट अशी की वाय आणि क्यू किंवा एल आणि एफ यांच्यात गोंधळ होतो तो बहुधा तक्ता पाठ केलेल्यांचा. कागदावर ही जोडपी आरशातल्या प्रतिमेसारखी दिसतात. कानाला ती मुळीच सारखी लागत नाहीत.

सगळी अक्षरं झाली की लिहिणं हळूहळू सोडायचं. डोळे मिटून ऐका, शब्द मनात जुळू द्या. इंग्रजीतला ‘द’ हा शब्द घ्या: डा, डि-डि-डि-डिट, डिट. पन्नास वेळा ऐकलात की तो तीन अक्षरांचा राहत नाही, एका झटक्यात कळतो. असे शंभरेक नेहमीचे शब्द कानात बसले की संभाषणाचा बराच भाग फुकटात कळतो.

अडकण्याची जागा

दहा-बारा शब्दांच्या आसपास प्रगती थांबते. आठवडेच्या आठवडे आकडा हलत नाही. इथे बरेच जण सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं: ही जागा १८९७ आणि १८९९ मध्येच नोंदली गेली आहे. ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी तारमास्तरांच्या शिकण्याचे आलेख काढले. पाठवण्याचा आलेख बऱ्यापैकी सरळ चढतो, घेण्याचा मात्र मध्येच सपाट होऊन बसतो आणि मग पुन्हा चढू लागतो, असं त्यांना आढळलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की शिकणारा आधी अक्षरं ऐकतो, मग शब्द, मग शब्दांचे गट, आणि एका पायरीवरून दुसरीवर जाण्याआधी खालची सवय इतकी मुरावी लागते की तिच्याकडे लक्षच द्यावं लागू नये. सपाट काळात ती मुरत असते.

तरीही नुसतं वाट बघत बसण्यापेक्षा थोडी मदत करता येते. झेपतो त्यापेक्षा तीन-चार शब्द जास्त वेगाचा मजकूर दोन मिनिटं ऐका, अर्धा सुटला तरी चालेल, आणि मग आपल्या नेहमीच्या वेगावर या. तो एकदम संथ वाटतो. आणि अक्षरांचे निरर्थक गट सोडून खरे शब्द घ्या, कारण निरर्थक गटांत शब्द ऐकण्याची सवय लागायला जागाच नसते.

हवेतला मोर्स

यंत्राचा मोर्स गुळगुळीत असतो. खरा मोर्स खरखरीत येतो, मध्येच विरतो, शेजारचं स्टेशन त्यावर चढतं. त्याची सवय लवकर लावा, निम्मी अक्षरं येत असतानाच.

साध्या लघुलहरी रेडिओवर मोर्स ऐकू येत नाही, आला तर नुसता श्वासासारखा फुसफुसतो. कारण हवेत जाते ती सलग लहर, चालू आणि बंद होणारी. तिला स्वतःचा सूर नसतो, तो रेडिओच्या आत तयार करावा लागतो. त्यासाठी सीडब्ल्यू (म्हणजे हीच सलग लहर) किंवा एसएसबी असं बटण असलेला रेडिओ हवा. नसेल तर खर्च न करता इंटरनेटवरचे रेडिओ वापरा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवर ब्राउझरमधून लहरी चाळता येतात. सीडब्ल्यू निवडा आणि ७.००० ते ७.०४० मेगाहर्ट्झ किंवा १४.००० ते १४.०७० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत फिरा. ढोबळमानाने पहिली पट्टी अंधारात चांगली चालते, दुसरी उजेडात, आणि वेळ धरायची ती रेडिओ आहे तिथली, तुमची नाही.

अगदी सुरुवातीला माझी शिफारस १४.१०० मेगाहर्ट्झची. तिथे संभाषण नसतं, जगभर पसरलेली १८ दीपगृहवजा स्टेशनं पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाला दहा सेकंद, म्हणजे तीन मिनिटांत फेरी पूर्ण. स्टेशन आपली ओळखखूण २२ शब्दांच्या वेगाने पाठवतं आणि मग एकेक सेकंदाच्या चार लांब रेघा. पहिली १०० वॉटची, दुसरी १० ची, तिसरी १ ची आणि चौथी एका वॉटच्या दहाव्या भागाची. ओळखखूण पहिल्या फेरीत सुटली तर तीन मिनिटांनी पुन्हा येतेच. कधी शेवटची रेघही कानावर येते. इतक्या कमी शक्तीत संदेश पोचतो तो मोर्सच्या काटकसरीमुळे: बोलण्याला अडीच-तीन हजार हर्ट्झची रुंदी लागते, मोर्सला दीडशेच्या आसपास भागते, त्यामुळे बाहेरची खरखर गाळून टाकता येते.

हात

पाठवणं घेण्यापेक्षा सोपं, म्हणूनच ते उशिरा सुरू करायचं. पंधराएक अक्षरं कानात पक्की झाल्याशिवाय कळीला हात लावू नका, नाहीतर तुमच्या हाताच्या चुका तुमच्याच कानात बसतात. सरावाला कळ आणि आवाज करणारं छोटं यंत्र एवढंच लागतं. रेडिओवरून हवेत पाठवायला मात्र परवाना लागतो, ज्या देशात आहात तिथला. त्याआधी एकही टिंब हवेत जाऊ देऊ नका.

सरळ कळ, म्हणजे वर-खाली होणारी जुनी, सर्वांनी थोडे दिवस वापरावी. कोपरापर्यंतचा हात टेबलावर टेकलेला, बोटं मुठीवर सैल, हालचाल मनगटातून. बोटांनी ठोकत राहिलात तर अर्ध्या तासात हात भरून येतो. हा विनोदाचा विषय नाही: तारमास्तरांच्या हाताला येणारे पेटके ब्रिटनमध्ये १९०८ साली नुकसानभरपाई मिळणाऱ्या व्यवसायजन्य आजारांत धरले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होरेस मार्टिनने आडवी हलणारी, टिंबं आपोआप काढणारी कळ आणली तीही हाताचे हाल कमी करायलाच.

रोजच्या वापराला आज बहुतेक जण पॅडल, म्हणजे दोन बाजूंनी दाबायची कळ, घेतात. उजव्या हाताने वापरताना अंगठ्याने दाबलं की टिंबं, तर्जनीने दाबलं की रेघा, दोन्ही एकदम दाबले की आलटून-पालटून. मापं यंत्र सांभाळतं, अक्षरांमधली शांतता मात्र तुमचीच. स्वतःचा मोर्स ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी तो लिहून घेता येतो का बघा. आपलाच संदेश आपल्याला कळला नाही तर जागा कमी पडते आहे.

आखूड भाषा

रेडिओवरचं संभाषण बहुतेक संक्षेपांत चालतं, आणि नवशिक्याला ते वरदान आहे, कारण पुढे काय येणार हे आधीच माहीत असतं. सीक्यू म्हणजे ‘कोणीही उत्तर द्या’. डीई म्हणजे ‘कडून’. के म्हणजे ‘आता तुम्ही’. आर म्हणजे ‘सगळं मिळालं’. आठ टिंबं सलग म्हणजे ‘चुकलो, परत पाठवतो’. एआर संदेश संपल्याची खूण, एसके संपर्क संपल्याची. या शेवटच्या दोन्ही जोड्या मध्ये न थांबता एकाच अक्षरासारख्या वाजवायच्या.

क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत १९१२ च्या लंडन परिषदेत आंतरराष्ट्रीय झाले. नवशिक्याला सहा पुरतात. क्यूटीएच म्हणजे ठिकाण. क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे निसर्गाची खरखर. क्यूएसबी म्हणजे आवाज विरतो आहे. क्यूएसएल म्हणजे पोच. आणि सगळ्यात उपयोगी, क्यूआरएस: ‘सावकाश पाठवा’. तो वापरायला लाजू नका. निरोपाला ७३, म्हणजे शुभेच्छा.

आवाज कसा येतोय हे तीन आकड्यांत सांगतात. पहिला सुवाच्यतेचा, पाचपैकी. दुसरा ताकदीचा आणि तिसरा सुराच्या स्वच्छतेचा, नऊपैकी. सर्वोत्तम म्हणजे ५९९. गर्दीत तो ५एनएन असा पाठवतात, कारण नऊ म्हणजे चार रेघा आणि एक टिंब, एन म्हणजे एक रेघ आणि एक टिंब. ही आळशी वाटणारी काटकसर ऐकून गोंधळू नका.

एसओएस सगळ्यांना येतो, डि-डि-डिट डा-डा-डा डि-डि-डिट. १९०६ च्या बर्लिन परिषदेत तो ठरला आणि १९०८ पासून लागू झाला. तो कशाचाही संक्षेप नाही, आणि नियमाप्रमाणे तीन अक्षरं सुटी न करता सलग वाजवतात. घरातल्या सरावात हवा तेवढा वाजवा. हवेत, अगदी गंमत म्हणूनही, कधीही नाही.

पहिला संपर्क

परवाना हातात आला की सीक्यू देण्याऐवजी दुसऱ्याच्या सीक्यूला उत्तर द्या. संथ पाठवणारं स्टेशन निवडा, दोनदा त्याची ओळखखूण लिहून घ्या, तो थांबला की त्याची एकदा, मग डीई, मग आपली दोनदा, शेवटी के. पुढचा मजकूर आधीच कागदावर लिहून समोर ठेवा: आवाजाचा आकडा, नाव, ठिकाण, ७३. नाव आणि ठिकाण दोनदा पाठवा. समोरच्याचं काही सुटलं तर प्रश्नचिन्ह पाठवा, डि-डि-डा-डा-डि-डिट, तो पुन्हा सांगतो. संपल्यावर वहीत तारीख, लहरीचा आकडा आणि यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळ लिहा, कारण समोरचा भलत्याच घड्याळावर जगत असतो.

आणि घेता येतं त्यापेक्षा जास्त वेगाने पाठवू नका, पॅडल कितीही सरसर चालत असलं तरी. ज्या वेगाने तुम्ही हाक माराल त्याच वेगाने उत्तर येईल.